सार्वजनिक उद्यानात डिस्क गोल्फ: कोल्हापुरातील नवख्या खेळाडूंसाठी

डिस्क गोल्फमध्ये काठी नसते आणि चेंडूही नसतो. प्लास्टिकची तबकडी, म्हणजे डिस्क, ठरलेल्या जागेवरून फेकायची, ती जिथे थांबेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये पोहोचवायची, एवढाच हा खेळ आहे. एका बास्केटपर्यंतच्या वाटचालीला ‘होल’ म्हणतात. असे नऊ किंवा अठरा होल मिळून एक फेरी होते आणि ज्याच्या फेकी सर्वांत कमी तो जिंकतो. आम्ही चार-पाच जण कोल्हापुरात रविवारी सकाळी हा खेळ खेळतो. आमचा कोर्स कायमचा नाही. उजाडताना मांडायचा आणि उन्हे तापायच्या आत उचलायचा, असा तो आहे. नव्याने येणारा प्रत्येक जण आधी विचारतो की डिस्क लांब कशी फेकायची. मला त्याला आधी दुसरीच गोष्ट सांगावीशी वाटते. उद्यान हे फिरायला येणाऱ्यांचे, खेळणाऱ्या मुलांचे आणि बाकावर बसलेल्या वडीलधाऱ्यांचे आहे, आणि आपला कोर्स त्यांच्या वावराला वळसा घालूनच आखायला हवा. म्हणून या लेखात फेकीच्या आधी जागेचा विचार येतो.

हा खेळ मुळातच सार्वजनिक उद्यानात वाढलेला आहे. एड हेड्रिक यांनी १९७५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्क या उद्यानात पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला आणि पुढच्याच वर्षी खेळाडूंची संघटना, पीडीजीए, स्थापन केली. त्याआधी लोक झाड, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा असे काहीही लक्ष्य धरून खेळत, आणि डिस्क लक्ष्याला लागली की नुसती चाटून गेली यावर वाद होत. हेड्रिक यांनी खांबाभोवती साखळ्या लोंबत्या ठेवून त्यांच्याखाली टोपली बसवली. वेगाने आलेली डिस्क साखळ्यांत अडकते, तिचा जोर मरतो आणि ती टोपलीत पडते. वाद उरत नाही. या रचनेचे पेटंट त्यांना १९७७ साली मिळाले, आणि आज जगभर जी बास्केट दिसते ती याच कल्पनेवर उभी आहे.

जागा निवडणे

कोल्हापुरात मोकळी हवा म्हटली की पाय रंकाळ्याकडे वळतात, परंतु रंकाळ्याचा काठ या खेळासाठी टाळावा. तिथे सकाळ-संध्याकाळ माणसांची दाटी असते, शिवाय बहुतेक गोल्फ डिस्क पाण्यात बुडतात, त्यामुळे एक वाकडी फेक म्हणजे एक डिस्क गमावणे ठरते. पेठांमधली मैदाने फुटबॉल आणि क्रिकेट खेळणाऱ्या मुलांची आहेत. ज्या शहरात तालमींच्या फुटबॉल संघांवर माणसे इतका जीव टाकतात, तिथे सराव चाललेल्या मैदानात तबकड्या घेऊन उतरणे मला योग्य वाटत नाही. वस्तीतल्या लहान बागांमध्ये डिस्क लांब फेकायला जागाच नसते. तिथे एखाद्या कोपऱ्यात जवळून बास्केटमध्ये टाकण्याचा सराव तेवढा करता येतो.

आपल्याला हवी ती जागा साधारण तीन एकरांची, गवताची, मधूनमधून झाडे असलेली आणि चालण्याची वाट शक्यतो कडेने जाणारी असावी. कुंपणाला लागून रहदारीचा रस्ता असेल तर त्या बाजूला एकही फेक जाणार नाही अशी खात्री झाल्याशिवाय ती जागा धरू नये.

जागा सापडली की पहिल्या रविवारी डिस्क घरीच ठेवून जावे. ज्या वेळी खेळायचे आहे त्याच वेळी तासभर बसावे आणि कागदावर कच्चा नकाशा काढावा: पक्क्या वाटा कुठे आहेत, बाक कुठे आहेत, मुलांची खेळणी आणि व्यायामाची साधने कुठे आहेत. त्यानंतर ज्या वाटा नकाशात नसतात पण पायांनी पडलेल्या असतात त्या शोधाव्यात. आम्ही हे केले नव्हते. आमच्या पहिल्या मांडणीत तिसरा होल एका मोठ्या गुलमोहराच्या शेजारून जात होता आणि त्या झाडामागून एक कच्ची पायवाट मागच्या फाटकाकडे निघत होती. एका सकाळी तिथून एक आजोबा बाहेर पडले आणि माझी डिस्क त्यांच्यापासून जेमतेम हातभर अंतरावरून गेली. त्यांना लागले नाही. मी धावत जाऊन क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी मला शेजारी बसवून घेतले आणि म्हणाले, “बाळ, साडेसहाला इकडून आम्ही येतो, सातला बायका येतात, साडेसातला पोरं. तुम्ही त्या तिकडच्या अंगाला खेळा.” तो होल आम्ही त्याच दिवशी मोडला. आजही आमचा नकाशा त्यांनी सांगितलेल्या वेळांवर बेतलेला आहे.

महापालिकेच्या उद्यानात नियमित खेळायचे असेल तर उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. शैक्षणिक संस्थेचे आवार असेल तर त्या संस्थेच्या प्रशासनाकडे द्यावा. अर्जात किती जण खेळणार, कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत, हे लिहावे, आणि खड्डा खणणार नाही, झाडाला खिळा मारणार नाही, सर्व सामान जाताना उचलून नेऊ, हे स्पष्ट शब्दांत नमूद करावे. परवानगी मिळाल्यावरही माळीकाका आणि पहारेकरी यांना खेळ एकदा दाखवावा. नवीन रोप कुठे लावले आहे आणि कोणत्या भागाला आज पाणी दिले आहे, हे त्यांच्याकडूनच कळते.

सहा होलांची मांडणी

तीन एकरांत अठरा होल कोंबू नयेत. सहा होल मांडावेत आणि हवे तर तेच दोनदा खेळावेत. नवख्यांसाठी एक होल ४० ते ६० मीटरचा पुरे. मोठ्या माणसाचे लांब पाऊल सुमारे ७५ सेंटीमीटरचे धरले तर ६० मीटर म्हणजे ८० पावले होतात, त्यामुळे टेप नसला तरी चालते.

पहिली फेक जिथून करायची त्या जागेला ‘टी’ म्हणतात. दोन झेंड्या किंवा प्लास्टिकचे दोन शंकू ठेवून ती दाखवावी. टी ठरवताना स्वतः तिथे उभे राहावे आणि बास्केटपर्यंतची संपूर्ण पट्टी नजरेत येते का ते पाहावे. झाडाआडचे वळण चित्रात सुरेख दिसते, पण जिथे सामान्य लोक फिरतात तिथे न दिसणाऱ्या जागी डिस्क फेकणे मला मान्य नाही. दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये किमान २० मीटर अंतर ठेवावे. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीपुढून पलीकडे नेऊन, फेकणाऱ्याची डिस्क वेग ओसरल्यावर डावीकडे वळते, म्हणून वाट किंवा बाक असेल तर तो पट्टीच्या उजव्या बाजूला येईल अशी मांडणी करावी. अर्थात नवख्याची फेक चुकून उजवीकडेही सुटते, तेव्हा उजवीकडेही अंतर हवेच. डावीकडे ते अधिक हवे, इतकेच.

लक्ष्य म्हणून झाडाचे खोड वापरू नये. नियमांत वस्तूला डिस्क लावून होल पूर्ण करण्याची सोय आहे, पण आठवड्यामागून आठवडे एकाच खोडावर आदळणाऱ्या डिस्कने साल सोलली जाते. घडी होणारी हलकी बास्केट बाजारात मिळते. आम्ही आमच्या दोन बास्केट उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतल्या: खाली जड चकती, मध्ये पाइप, जमिनीपासून सुमारे ८० सेंटीमीटरवर टोपलीचा काठ आणि वरच्या कड्यातून सोडलेल्या साध्या साखळ्या. ज्या गावात ओतकामापासून सुट्या भागांपर्यंत सर्व काही बनते, तिथे कारागिराला एक छायाचित्र दाखवले की काम होते. दोन बास्केटवर सहा होल चालवायचे तर बास्केट तिथेच ठेवून टीच्या जागा बदलाव्यात. एका बास्केटकडे तीन वेगवेगळ्या दिशांनी खेळता येते. मात्र अशा वेळी मैदानावर एकच गट असावा.

डिस्क

समुद्रकिनारी झेलायला वापरतात ती फ्रिस्बी आणि गोल्फ डिस्क यांत फरक आहे. गोल्फ डिस्क लहान, साधारण २१ सेंटीमीटर व्यासाची, आणि १५० ते १८० ग्रॅम वजनाची असते. तिचा काठ कडक असतो, त्यामुळे ती झेलण्यासाठी नसते. मुलांना हे आवर्जून सांगावे. तिरपा काठ असलेली पहिली गोल्फ डिस्क १९८३ साली आली आणि तेव्हापासून डिस्कचे तीन मुख्य प्रकार रूढ झाले. पटर हा बोथट काठाचा, संथ आणि सरळ जाणारा. ड्रायव्हर हा रुंद, धारदार काठाचा आणि लांब पल्ल्याचा. मिडरेंज या दोहोंच्या मधला.

बऱ्याच डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेग सांगतो, दुसरा हवेत तरंगत राहण्याचा गुण. तिसरा आकडा सुरुवातीच्या वेगात डिस्क उजवीकडे किती झुकेल ते सांगतो आणि चौथा शेवटी डावीकडे किती वळेल ते. हे दोन्ही उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी असतात. डावखुऱ्याने ते उलट वाचावेत. नवखा माणूस दुकानात जाऊन सर्वांत मोठ्या वेगाचा ड्रायव्हर घेतो आणि तो २५ मीटरवर डावीकडे आपटतो, कारण त्या डिस्कला हवा असलेला वेग त्याच्या हातात अजून आलेला नसतो. पहिले तीन महिने एक पटर आणि एक मिडरेंज एवढ्यावरच खेळावे, असे माझे ठाम मत आहे. पटरने सरळ ४० मीटर फेकता येऊ लागले की पुढचे सर्व सोपे होते. रंग मात्र भडक निवडावा. पावसाळ्यानंतरच्या गवतात हिरवी डिस्क पायाखाली असूनही दिसत नाही. खालच्या बाजूला पक्क्या शाईने आपले नाव आणि फोन नंबर लिहून ठेवावा.

फेक

इथे घाई करू नये. खाली दिले आहे ते उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी आहे.

आधी पकड. अंगठा डिस्कच्या वर, काठाजवळ ठेवावा. जवळच्या फेकीसाठी तर्जनी काठाला टेकवून बाकीची बोटे खाली पंख्यासारखी पसरावीत. लांब फेकीसाठी चारही बोटे काठाच्या आत दुमडून घट्ट धरावे. पकड जितकी घट्ट तितकी फिरकी जास्त, आणि डिस्क हवेत टिकते ती फिरकीमुळेच. नुसत्या दंडाच्या जोराने फेकलेली डिस्क थरथरत जाते आणि लवकर पडते.

आता उजवा खांदा लक्ष्याकडे करून, पाय खांद्याइतके फाकवून उभे राहावे. सुरुवातीला धावत येऊन फेकू नये. वजन मागच्या, म्हणजे डाव्या पायावर घ्यावे, कंबर आणि खांदे मागे वळवावेत आणि डिस्क छातीच्या उंचीवर मागे न्यावी. मग वजन उजव्या पायावर आणत डिस्क छातीजवळून सरळ रेषेत ओढावी. कोपर पुढे येते, त्यानंतर हात उलगडतो आणि अगदी शेवटी मनगट सुटते. डिस्क शरीराभोवती गोल फिरवून आणली तर ती हमखास उजवीकडे सुटते. नव्या खेळाडूंत मला दिसणारी ही सर्वांत मोठी चूक आहे. ती सुधारण्यासाठी मी त्यांना भिंतीपासून हातभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून उभे करतो आणि रिकामा हात भिंतीला न लावता समांतर ओढायला सांगतो. दहा-बारा वेळा केले की सरळ रेषा म्हणजे काय ते अंगात उतरते.

दुसरी चूक डिस्कच्या पुढच्या काठाची. तो वर राहिला की डिस्क चढते, हवेत थांबते आणि डावीकडे कोसळते. मगातून पाणी ओतताना मनगट जसे पुढे खाली कलते, तसे ते फेकीच्या वेळी ठेवावे. पुढचा काठ आपोआप खाली राहतो. डिस्क सुटल्यावर हात तिथेच थांबवू नये, त्याला पुढे जाऊ द्यावे आणि शरीरही वळू द्यावे, नाहीतर खांद्यावर ताण येतो.

डिस्क डावीकडे कलती ठेवून सोडली तर ती डावीकडे वळते, याला हायझर म्हणतात. उजवीकडे कलती सोडली तर उजवीकडे वळते, ती अॅनहायझर. सरळ फेक जमण्याआधी हे दोन्ही मुद्दाम करून पाहावेत, कारण एकदा कल हातात आला की सरळ फेक म्हणजे या दोहोंचा मध्य, हे कळते. फोरहँड, म्हणजे बाहेरच्या बाजूने मनगटाच्या झटक्याने केलेली फेक, तलावात चपटे दगड उडवलेल्यांना लवकर जमते. तिची फिरकी उलटी असते, म्हणून शेवटी डिस्क उजवीकडे वळते.

बास्केटमध्ये टाकण्याचा सराव मात्र रोज करावा. अंगणात प्लास्टिकचा टब स्टुलावर ठेवून तीन मीटरवरून वीस फेकी केल्या तरी महिनाभरात फरक दिसतो.

एक होल खेळताना

पहिल्या टीवर क्रम आपसात ठरवावा. पुढच्या टीवर आधीच्या होलला ज्याच्या फेकी कमी तो आधी फेकतो. टी सोडल्यावर ज्याची डिस्क बास्केटपासून सर्वांत दूर, त्याची पाळी पहिली. बाकीच्यांनी त्याच्या मागे राहावे. डिस्क थांबली की तिच्या पुढच्या काठाला, म्हणजे बास्केटकडच्या बाजूला, एक छोटी खुणेची चकती ठेवून डिस्क उचलावी. त्या चकतीच्या लगत मागे २० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर लांब एवढीच आपली जागा असते. डिस्क हातातून सुटताना एक आधार, म्हणजे सहसा पाय, त्या जागेत असावा आणि कोणताही आधार चकतीच्या पुढे नसावा. बास्केटपासून १० मीटरच्या आत, म्हणजे सुमारे तेरा पावलांत, फेकल्यावर तोल पूर्ण सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही.

पक्की वाट आणि तिच्यापलीकडचा सर्व भाग आम्ही हद्दीबाहेर धरतो. डिस्क पूर्णपणे हद्दीबाहेर असेल तर एका फेकीचा दंड बसतो. काठ जरी आत असला तरी ती आत मानतात. ती शेवटची जिथे आत होती तिथून एक मीटर आत येऊन किंवा आधीच्याच जागेवरून पुढची फेक करता येते. एखाद्या झाडाच्या ठरावीक बाजूनेच डिस्क गेली पाहिजे असा नियमही करता येतो, आणि बाकांपासून फेकी दूर ठेवण्यासाठी मला तो फार उपयोगी वाटतो. डिस्क झाडावर अडकली तर तिच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करून खेळावे. दगड मारून ती पाडू नये, वरती मोहोळ असू शकते. हरवलेली डिस्क तीन मिनिटे शोधावी, नाही मिळाली तर एका फेकीचा दंड घेऊन आधीच्या जागेवरून पुन्हा फेकावी.

प्रत्येक होलला अपेक्षित फेकींचा आकडा असतो, त्याला पार म्हणतात. ४० ते ६० मीटरला तीन धरतात. पहिल्या महिन्यात चार धरून खेळावे. पाच-पाच, सहा-सहा फेकी लागत असताना तीनचा आकडा समोर ठेवून मन खट्टू करून घेण्यात अर्थ नाही.

फेकण्यापूर्वी डावीकडे, उजवीकडे आणि लक्ष्याच्या मागे पाहावे. कोणी पट्टीत असेल किंवा पट्टीकडे येत असेल तर डिस्क खाली धरून उभे राहावे. त्यांना हात करून ‘जा, जा’ म्हणून घाई करू नये; त्यांचा वेग त्यांचा. नियमाप्रमाणे फेकीला तीस सेकंद असतात, पण ती मोजायची ती वाट मोकळी झाल्यावर. डिस्क भलतीकडे गेलीच तर गोल्फमधली सावध करणारी हाक ‘फोर’ अशी ओरडून इथे कोणाला काही कळणार नाही. “ओ, डोकं सांभाळा!” असे मोठ्याने ओरडावे. मुले जमली तर एकाने खेळ सोडून त्यांच्यापाशी थांबावे आणि जवळून एकेक फेक करू द्यावी. आमच्यातले दोघे असेच आले आहेत.

वारा आणि पाऊस

कोल्हापूरचा वारा जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेकडून जोराने येतो. समोरून वारा असताना डिस्क वर उचलली जाते आणि नेहमीपेक्षा जास्त उजवीकडे झुकते, म्हणून ती कमी उंचीवरून जाईल अशी आणि थोडी डावीकडे कलती फेकावी. पाठीमागून वारा असेल तर ती लवकर खाली बसते आणि डावीकडे अधिक वळते. वळवाच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्यात, दुपारनंतर ढग गडगडू लागले की लोखंडी बास्केट तिथेच सोडून पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा. झाडाखाली थांबू नये.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात डिस्क पडली तर दंडाशिवाय बास्केटच्या उलट दिशेला, त्याच रेषेत मागे कोरड्या जागी येता येते. प्रत्येकाने दोन कोरडे पंचे जवळ ठेवावेत, कारण ओल्या काठावरून बोट सुटले की डिस्क कुठे जाईल याचा नेम नसतो. माझ्या मते जोराच्या पावसात उद्यानात लांब फेकी करूच नयेत. टीची जागा या दिवसांत दर आठवड्याला तीन-चार मीटर सरकवावी, नाहीतर तिथले गवत मरते आणि चिखल होतो. फेरी संपल्यावर डिस्क, झेंड्या आणि खुणेच्या चकत्या मोजून पिशवीत टाकाव्यात, बास्केट फाटकापर्यंत उचलून न्यावी, आणि एखादी डिस्क सापडली नसेल तर तिचा रंग पहारेकऱ्यांना सांगून ठेवावा.